चकाकीच्या आधी रंग पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, जून महिना लागला की मढच्या किनाऱ्यावरचे चित्र पालटते. समुद्र खवळतो, मासेमारी बंद होते आणि एरवी पाण्यात डोलणाऱ्या बोटी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवल्या जातात. बाहेरून येणाऱ्याला वाटते, कोळीवाडा आता विसाव्याला बसला. पण विसावा कुठला? कुणी जाळी दुरुस्त करतो, कुणी फळ्यांच्या फटी बुजवतो, तर कुणी पडवीत बोटीचा पंखा पुढ्यात घेऊन पॉलिश पेपरने घासत असतो. आज मला या घासण्याविषयीच बोलायचे आहे.

पंखा म्हणजे प्रोपेलर. मोठ्या बोटीत तो इंजिनाच्या शाफ्टवर बसतो. लहान होडीला मागे आउटबोर्ड मशीन लावतात. तिचा पाण्यात बुडणारा खालचा पाय ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. हंगामभर पाण्यात राहिलेल्या या भागांवर शेवाळ आणि चुन्याच्या कवचाचे बारीक जीव घट्ट चिकटतात. पाती खडबडीत झाली की तेवढाच वेग गाठायला डिझेल जास्त जळते. म्हणून घासणे ही हौस नाही, ती घरखर्चाची बाब आहे.

मात्र पेपर हातात घेण्याआधी पंखा स्वच्छ धुवा, वाळू द्या आणि उजेडात नीट न्याहाळा. बहुतेक पंखे पितळेच्या जातीच्या धातूचे असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात कधीकधी त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि तांबे तेवढे उरते, तेही स्पंजासारखे पोकळ. पात्याचा आकार तोच, जाडी तीच. ताकद मात्र गेलेली. याची खूण रंगात दिसते. पिवळ्या धातूवर गुलाबी, तांबूस डाग पडतात. अशा डागावर बारीक पेपरचे चार हात फिरवा. खाली लगेच पिवळा धातू लागला, तर दुखणे वरवरचे आहे. तांबूसच राहिला, तर घासणे थांबवा आणि पंखा जाणत्या कारागिराला दाखवा. पात्यावर लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारूनही पाहावी. चांगले पाते घंटेसारखे वाजते, खराब झालेले बद्द आवाज करते.

हे आधी का करायचे? कारण एकदा सगळा पंखा चकचकीत झाला की नजर फसते. त्यावर रंगाचा हात फिरला, तर खूण झाकलीच गेली. मग ते पाते तुटायचे ते भर समुद्रात, वारा उठलेला असताना. चकाकी ही तब्येतीची हमी नव्हे.

आता प्रत्यक्ष घासणे. चिकटलेली कवचे लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. नंतर वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी 120 नंबर, मग 240, शेवटी 400 असा क्रम ठेवा. एका पात्यावर शंभर हात, तर दुसऱ्यावरही शंभरच. एक पाते हलके झाले की पंखा थरथरतो आणि ती थरथर शाफ्टच्या बेअरिंगला खाते. ग्राइंडर लवकर काम करतो खरा, पण धातूही लवकर खातो. शिवाय पावसाळ्यात ओल्या अंगणात विजेचे यंत्र नकोच.

ॲल्युमिनियमच्या पायाची तऱ्हा वेगळी. त्याला लोखंडी तारेचा ब्रश लावू नये. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तिथूनच धातू कुरतडला जातो. घासून उघडा पडलेला भाग त्याच दिवशी ॲल्युमिनियमसाठीच्या प्रायमरने झाकावा. आणि तांबे असलेला, बोटीच्या तळाला लावायचा रंग त्याच्यावर मुळीच नको. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि दुबळा धातू झिजतो. तांब्यापुढे ॲल्युमिनियम दुबळे. त्या दोघांहूनही दुबळे जस्त. म्हणूनच बोटीला जस्ताचा तुकडा लावतात. तो स्वतः झिजतो आणि बाकीच्यांना वाचवतो. निम्मा झिजला की बदला. त्याला रंग लावू नका. रंगवलेले जस्त निकामी.

ही युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्ही या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1824 मध्ये जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजायचे थांबले. पण त्याचबरोबर तळावर शेवाळ आणि कवचे मात्र भरभरून वाढली. झिजणाऱ्या तांब्याचे विषच त्यांना दूर ठेवत होते! आरमाराने ती पद्धत काही वर्षांत सोडली. समुद्र एक देतो, तर दुसरे मागतो.

विष म्हटले, म्हणून शेवटची गोष्ट. तळाच्या रंगात जीव मारणारी द्रव्ये असतात. जुन्या काही रंगांत कथिलाचे इतके जहाल संयुग होते की 2001 च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी घातली; ती 2008 मध्ये अमलात आली. असा रंग कोरडा खरवडला की त्याची धूळ घरातल्या लेकरांच्या छातीत जाते. म्हणून ओलेच घासा, नाकातोंडाला मास्क लावा, खाली जुनी ताडपत्री अंथरा आणि पडलेला चुरा गोळा करून नीट बांधून ठेवा. तो खाडीत लोटू नका. मढ आणि वेसाव्याच्या मधल्या त्या खाडीतलीच मासळी उद्या आपल्या ताटात येणार आहे.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना बोट नव्यासारखी झळकावी, असे प्रत्येकाला वाटते. झळकावीच. पण आधी तपासा, मग घासा आणि चमकवा अगदी शेवटी. बोटीवरची माणसे त्या पात्यांच्या भरवशावर घरी परत येतात.