नियम कोण लिहितो?

(रत्नागिरीच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी बंदरावर माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. असला माणूस व्हिडिओ गेमवर काय बोलणार, म्हणून मागं काहीजण हसतायत. हसा. पण गेम तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत आपली पोरं अंगठे झिजवतात आणि तो बनवणारा खुर्चीत बसून पगार घेतो. त्या खुर्चीत आपण का नाही?

गेम डिझायनर म्हणजे नुसता चित्रं काढणारा नव्हे, नुसता कोड लिहिणाराही नव्हे. तो नियम लिहितो. कोण कुठून सुरुवात करणार, कशानं मरणार, कशानं जिंकणार, हे तो ठरवतो. नियम लिहिणाऱ्याची ताकद आपल्याला कुणी समजावायला नको. दुसऱ्यांनी लिहिलेले नियम आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर वाहिलेत.

मोक्षपट घ्या. आजची सापशिडी त्याचीच. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. पुण्याला शिडी, पापाला साप. खेळणाऱ्याला वाटतं, दान माझं, नशीब माझं. पण पुण्य कशाला म्हणायचं नि पाप कशाला, हे पट आखणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. गेम डिझाइनचा पहिला धडा हाच.

आता वाटा सांगतो.

चित्राची वाट : शाळेतच एलिमेंटरी, इंटरमीजिएट द्या. आपल्याच जिल्ह्यात सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. मुंबईला १८५७ पासूनचं जे. जे. आहे.

कोडची वाट : दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा. तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला.

डिझाइनची वाट : बारावीनंतर यूसीड परीक्षा. शाखा कुठलीही चालते, आर्ट्ससुद्धा. त्यातून पवईच्या आयआयटीत बी.डेस. परीक्षा सलग दोनच वर्षं देता येते, तेव्हा तयारीनं बसा. मुलींना आणि एससी-एसटीला परीक्षेची फी निम्मी. एससीला १५ टक्के, एसटीला साडेसात टक्के जागा राखीव. पदवीनंतर एनआयडीच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. आहे. २०२५ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झालीय, तिथंही गेमिंग शिकवतात.

आणि चौथी वाट म्हणजे खड्डा. चकचकीत माहितीपत्रक, लाखांची फी, 'शंभर टक्के नोकरी'. आईच्या कानातलं गहाण टाकण्याआधी तीन सवाल करा. पदवी कुठल्या विद्यापीठाची? हा कोर्स महाडीबीटीवर आहे का? मागच्या बॅचनं काय बनवलं, दाखवा. समोरचा चाचरला की उठा. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, सरकारी वसतिगृह, ते नाही मिळालं तर स्वाधार योजना, हे सगळं मागून घ्या. ही भीक नाही, बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क आहे.

शेवटी कंपनी विचारते, बनवलंस काय? त्याचं उत्तर पदवीच्या कागदात नसतं. गोदो नावाचं गेम बनवायचं साधन आहे. अर्जेंटिनाच्या दोघांनी ते बनवलं, २०१४ साली सगळ्यांना खुलं केलं. फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं, अँड्रॉइड फोनवरही चालतं. आणि तेही नसेल तर कागद, पेन्सिल, चार दोस्त. नियम आधी कागदावरच तपासतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' आणला. देव-असुरांच्या पुराणातली पोरगी त्यांनी जगभर खेळायला लावली. म्हणजे इथं बसून होतं. मग आपली गोष्ट कोण करणार?

समजा, महाडचं चवदार तळं. २० मार्च १९२७. साधा डिझायनर म्हणेल, धावा, शत्रू मारा, तळं गाठा. हा गेम खोटा. आपण नियम असा लिहू : एकटा पुढं पळालास तर पाणी हाताला लागणारच नाही. मागचा शेवटचा माणूस काठावर पोचला, की मगच सगळ्यांची ओंजळ भरेल. भाषण नको, घोषणा नको. खेळणाऱ्याच्या अंगठ्याला ते आपोआप कळेल. कवितेला जे जमत नाही ते इथं जमतं, हे मी कवी असून सांगतो.

पोरांनो, पोरींनो, खेळा. खुशाल खेळा. पण हरलात की विचारा, हा नियम कुणी लिहिला? आणि तो बदलून लिहायला बसा.