वादळी किनाऱ्यावरील छोटी पवनऊर्जा केंद्रे

साताऱ्याचे वनकुसवडे पठार पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी महाराष्ट्रातील पवनऊर्जेचा आरंभ १९८६ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर, ५५ किलोवॉटच्या छोट्या यंत्रांनी झाला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट, तर पात्यांवरील दाब चौपट होतो; म्हणून बहुतेक मोठी यंत्रे ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाला थांबवली जातात आणि पाती वळवून त्यांची केवळ कड वाऱ्यासमोर ठेवली जाते. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन परिसरात धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा वेग याहून अधिक होता. त्यामुळे अशा किनाऱ्यावर भक्कम पाया, गंजरोधक लेप आणि वादळापूर्वी आडवा करता येणारा छोटा मनोरा हेच शहाणपणाचे ठरते.