रानफुलांचे आयुर्मान
(व्याख्यानाचा संक्षेप)



‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तेरड्याचे संपूर्ण चरित्र तिच्यात येत नाही. पावसाच्या आरंभी रुजावे, श्रावण-भाद्रपदात फुलावे, हात लागताच उकलणाऱ्या बोंडांतून बी उधळावे आणि पाऊस सरल्यावर नाहीसे व्हावे, असा त्याचा एका ऋतूचा संसार असतो. अशा झाडांना वनस्पतिशास्त्रात वर्षायू म्हणतात. कळलावीचा वेलही पावसाळ्यानंतर वाळतो. पण तिचा कंद भूमीत जिवंत राहून पुढल्या वर्षी पुन्हा अंकुरतो. ती बहुवर्षायू होय.

या दोहोंच्या मध्ये द्विवर्षायू वनस्पती येतात. युरोपच्या रानांतील जांभळे फॉक्सग्लव्ह हे त्यांचे ठळक उदाहरण. पहिल्या वर्षी जमिनीलगत केवळ पानांचा झुबका दिसतो. दुसऱ्या उन्हाळ्यात उंच दांडा वर येतो आणि त्यावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखी फुले लटकतात. या आकारावरूनच लेओनहार्ट फुक्स यांनी १५४२ मध्ये तिला ‘डिजिटॅलिस’ हे बोटाशी नाते सांगणारे लॅटिन नाव दिले. असंख्य सूक्ष्म बिया टाकून हे झाड बहुधा मरून जाते.

बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली या वनस्पतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अंगावर सूज चढलेल्या रोग्यांना तिचा गुण येई. मात्रा चुकल्यास तेच औषध विष ठरे. मुळांचा प्रभाव ऋतुमानाप्रमाणे बदलतो, म्हणून त्यांनी पाने पसंत केली. आणि दांडा वर येऊन फुले उमलू लागण्याच्या सुमारास ती खुडावीत, असे सांगितले. म्हणजे औषधाचा भरवसा झाडाच्या वयाशी निगडित होता. उलट, फुले नसताना हीच पाने कॉम्फ्री नावाच्या निराळ्या वनस्पतीची समजून घेतल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. फुलांवरूनच झाड ओळखणाऱ्याला त्याचे अर्धे आयुष्य अनोळखी राहते.

आपल्या सह्याद्रीतील कारवी याहून धीराची. साधारण सात वर्षे ती नुसती वाढते, मग एकदाच डोंगरभर फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या काठ्यांनी कित्येक घरांचे कूड उभे राहिले. परंतु फुलण्याआधीच तिची सरसकट तोड झाली, तर सात वर्षांची तयारी बीजावाचून संपते.

बहर पाहावयास माणसे आपण होऊन जातात. रानाची राखण मात्र न फुलणाऱ्या वर्षांतच करावी लागते.