जुनी मोटार घेताना गाडीचा सातबारा पाहा



जमिनीचा तुकडा घ्यायचा झाला, तर आपल्याकडचा निरक्षर म्हातारासुद्धा आधी म्हणतो, "सातबारा दाखव." उतारा कोणाकडून तरी वाचून घेतो आणि 'इतर हक्कां'त सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नाही ना, एवढी खात्री झाल्यावरच पुढचं बोलतो. बैल घेताना दात पाहतो. पण जुनी मोटार घेताना हीच शहाणी माणसं रंग पाहतात, टायर दाबून पाहतात, एक चक्कर मारून येतात आणि पैसे मोजून मोकळी होतात. गाडीलाही सातबारा असतो आणि त्यावरही बोजा चढलेला असतो, हे त्यांच्या ध्यानीच येत नाही.

माझ्या माहितीतले एक गुरुजी आहेत. आई आजारी. तिला दर पंधरा दिवसांनी तालुक्याला दवाखान्यात न्यावे लागे, म्हणून साठवलेल्या पैशातून त्यांनी जुनी मोटार घेतली. विकणारा पाहुण्यांतलाच. तो म्हणाला, "गुरुजी, थोडे हप्ते राहिलेत. तुमचे पैसे आले की भरून टाकतो. कागद मागाहून देतो." गुरुजींनी सगळी रक्कम त्याच्या हातावर ठेवली. पाच महिन्यांनी कर्ज देणाऱ्या संस्थेची माणसे थकबाकीचा कागद घेऊन थेट शाळेच्या दारात उभी! पाहुणा काही लबाड नव्हता. पैसे हाती आले त्याच आठवड्यात घरात अडचण निघाली आणि हप्ते राहून गेले. पण गाडी सोडवायला गुरुजींना दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले. पोरांसमोर मान खाली घालावी लागली ती वेगळीच.

आता कोणी विचारील, कर्ज काढले विकणाऱ्याने, मग घेणाऱ्याचा काय दोष? दोष नाही, पण कायदा समजून घ्या. गाडीवर कर्ज देताना बँक ती गाडी नजरगहाण ठेवून घेते. नजरगहाण म्हणजे गाडी मालकाच्या दारात, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५१ प्रमाणे ही गोष्ट नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपण ज्याला 'आर. सी. बुक' म्हणतो त्यावर, नोंदवतात. ती नोंद असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे पैसे देऊन गाडी तुमच्या अंगणात आली, तरी सरकारदरबारी ती पहिल्याचीच राहते.

मग पाहायचे काय? पहिली गोष्ट, मूळ आर. सी. बुक किंवा कार्ड मागा. छायाप्रतीवर भागवू नका. बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव त्यावर आहे का, ते पाहा. "मूळ कागद घरी राहिलाय" असे कोणी म्हणाला, तर व्यवहारही घरीच राहू द्या. दुसरी गोष्ट, कागदावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहा. तिसरी, गाडीचे विमापत्र वाचा. कर्ज देणाऱ्याचे नाव बहुधा त्यावरही असते. चौथी, गाडीचा नंबर घालून सरकारच्या 'एम-परिवहन' या मोबाईलवरच्या सोयीत नोंद पाहा. तिथे मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात, म्हणून ते पाहिले तरी मूळ कागद हवाच. शंका राहिली, तर ज्या परिवहन कार्यालयात गाडीची नोंद आहे तिथे विचारा. दंडाची चलने आणि कर थकलेला नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आता समजा, बोजा निघाला. म्हणजे गाडी घ्यायचीच नाही असे नाही. कधी कधी कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण मालकाने नोंद काढलेली नसते. अशा वेळी, "आधी नोंद काढून आण, मग बोलू," असे सरळ सांगावे.

कर्ज खरेच बाकी असेल, तर विकणाऱ्याला घेऊन तुम्ही स्वतः बँकेत जा. आज सगळे कर्ज फेडायचे तर किती भरावे लागेल, ते लेखी घ्या. तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्या. या नमुन्यावर मालकाची आणि कर्ज देणाऱ्याची अशा दोघांच्याही सह्या लागतात. ते कागद परिवहन कार्यालयात देऊन बोजाची नोंद रद्द झाली, की मग उरलेली रक्कम विकणाऱ्याला द्या. हे सारे कसे ठरले, ते आधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते.

ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकल, सगळ्यांना हेच लागू आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर जास्तच जपा. तो बहुधा कर्जावरच घेतलेला असतो.

काही जण म्हणतील, "पाहुण्यांत एवढे कागद मागायचे म्हणजे वाईट दिसते." श्रोतेहो, वाईट दिसते ते पुढे, तंटा झाल्यावर. विश्वास माणसावर जरूर ठेवा, पण पैसे कर्जखात्यात भरा. त्याने पाहुण्याची अब्रूही राहते आणि तुमची गाडीही.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. हे कागद पुष्कळदा इंग्रजीत असतात. गावातला कोणी आर. सी. बुक घेऊन तुमच्याकडे आला, तर कर्ज देणाऱ्याच्या नावाची तेवढी ओळ त्याला वाचून दाखवा. त्या गुरुजींची गाडी आज त्यांच्याच नावावर आहे, आणि आता गावात कोणी जुने वाहन घ्यायला निघाला, की आधी त्यांच्या ओट्यावर कागद दाखवून मगच पुढे जातो.