कार्यालयातील मंद इंटरनेट : दोष शोधण्याची रीत

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या वेळी ती मोजक्या महानगरांपुरती मर्यादित होती आणि टेलिफोनच्या तारेवरून चालत असे. २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी मिळाली आणि २०१५ मध्ये त्या योजनेचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद ही कामे आज बव्हंशी इंटरनेटवरून होतात.

सोय वाढली, तसे कार्यालयाच्या खिडकीवर एक नवे वाक्यही रूढ झाले : “नेट स्लो आहे, उद्या या.” हे वाक्य उच्चारावयास दोन क्षण लागतात, ऐकणाऱ्याचा मात्र पुरता दिवस जातो. मजुरीवर जाणाऱ्या स्त्रीचा रोज बुडतो, वाड्यावस्तीवरून आलेल्या वृद्धाचे एस.टी.चे भाडे वाया जाते आणि मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हुकते. म्हणून इंटरनेटचा वेग हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे. तो लोकसेवेचा विषय आहे. या विषयातील बराचसा भाग विशेष शिक्षणावाचून, थोड्या पद्धतशीरपणाने हाताळता येण्यासारखा आहे.

‘मंद’ हे निदान नव्हे

‘ताप आहे’ एवढे ऐकून वैद्य औषध देत नाही. ताप कशामुळे आला, हे तो प्रथम पाहतो. ‘नेट मंद आहे’ हीदेखील तक्रार आहे, निदान नव्हे. गावच्या नळपाणी योजनेचे उदाहरण घ्यावे. पाणी उद्भव विहिरीतून मुख्य वाहिनीने टाकीत येते, टाकीतून वितरण वाहिन्यांत जाते आणि शेवटी घरच्या तोटीला येते. तोटीला धार बारीक आली म्हणजे विहीर आटली असेच नाही. मुख्य वाहिनी फुटलेली असेल, झडप अर्धी बंद असेल किंवा शेजारी कोणी मोटर लावून पाणी ओढत असेल. जाणता पाणीपुरवठा कर्मचारी एकेका टप्प्यावर पाणी तपासत जातो.

इंटरनेटचेही तसेच आहे. सेवापुरवठादाराची वाहिनी इमारतीत येते, राउटर ती विभागून देतो आणि पुढे तारेने वा बिनतारी मार्गाने ती प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचते. वेग कोणत्या टप्प्यावर घटतो, हे मोजून ठरविणे हाच या साऱ्या खटाटोपाचा गाभा होय. मोजण्याआधीच राउटर बदलणे किंवा सेवापुरवठादारास दोष देणे म्हणजे अंधारात काठी मारणे.

मोजमापाची भाषा

मोजण्यापूर्वी एककाचा घोटाळा दूर करणे इष्ट. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट आणते. २५ मेगाबाइटची फाइल अशा जोडणीवर सुमारे दोन सेकंदांत उतरावी. वेग ५ मेगाबिटवर आला तर तीच फाइल ४० सेकंद घेईल. कित्येक तक्रारी या हिशेबाच्या गैरसमजातूनच उद्भवतात.

वेगमापन चाचणी तीन आकडे देते : उतरण्याचा वेग अर्थात डाउनलोड, चढण्याचा वेग अर्थात अपलोड, आणि संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा विलंब, ज्यास ‘पिंग’ म्हणतात. बहुतेकजण पहिलाच आकडा पाहतात. वस्तुतः तिन्ही आकडे लिहून ठेवावेत, कारण दोष पुष्कळदा उरलेल्या दोहोंत दडलेला असतो.

पहिली पायरी : दाराशी आलेली वाहिनी

प्रथम राउटर बाजूस ठेवून एक संगणक थेट सेवापुरवठादाराच्या पेटीस तारेने जोडावा. पेटी आणि राउटर एकच असतील तर त्यातील इतर सर्व तारा काढाव्यात, बिनतारी सेवा बंद करावी आणि मग मोजणी करावी. काही जोडण्यांना विशिष्ट वापरकर्तानाव वा पत्ता भरावा लागतो. तो आधी कागदावर टिपून घ्यावा. ज्या संगणकावर चाचणी होते त्यावर त्या वेळी अन्य काही उतरत नाही, याची खात्री करावी. ही मोजणी सकाळी, दुपारी व सायंकाळी अशी तीनदा करावी.

येथेच वेग अपुरा आढळला, तर राउटरचा दोष नाही. पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही असे समजावे. फायबर खिळ्याभोवती घट्ट वळविलेले असेल तर त्यातूनही प्रकाश गळतो. मात्र फायबरच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये; त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण अपाय करू शकतो. अशा वेळी सेवापुरवठादाराकडे लेखी तक्रार द्यावी आणि सोबत तिन्ही वेळांचे आकडे जोडावेत. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘१०० मेगाबिटच्या जोडणीवर थेट तारेने अमुक दिवशी, अमुक वेळी इतका वेग मिळाला’ ही तक्रार टाळणे अवघड असते.

दुसरी पायरी : राउटर आणि तारा

दाराशी वेग पुरेसा असेल तर राउटर पुन्हा जोडावा आणि संगणक तारेनेच राउटरला लावून मोजावे. येथे वेग एकदम घटला, तर दोष राउटरमध्ये किंवा तारेत आहे.

एक आकडा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. जोडणी २०० किंवा ३०० मेगाबिटची असूनही चाचणीत वेग ९५ च्या आसपास अडकून राहत असेल, तर मार्गात कोठेतरी १०० मेगाबिटचाच दुवा आहे असे जवळजवळ निश्चित मानावे. जुन्या राउटरची खाचच तेवढ्या क्षमतेची असू शकते. किंवा तारेत बिघाड असतो : तारेत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटसाठी दोन जोड्या पुरतात, त्यापुढील वेगास चारही लागतात. दाराच्या फटीत चेंगरून वा उंदराने कुरतडून एक तार जरी तुटली, तरी जोडणी चालू राहू शकते, पण खालच्या वेगावर. त्यामुळे प्रथम तार बदलून पाहावी. हा सर्वांत स्वस्त उपाय होय. अशी तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरपेक्षा लांब असू नये.

तार ठीक असेल तर राउटरकडे वळावे. तो कपाटावर कागदांच्या गठ्ठ्यांखाली तापत आहे काय? पूर्वी कोणी त्यात वेगमर्यादा घालून ठेवली आहे काय? त्याची अंतर्गत प्रणाली अद्ययावत केलेली आहे काय? राउटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर वेग सुधारतो आणि दोन दिवसांनी पुन्हा घसरतो, असे होत असेल तर तो बरा झालेला नाही. दोष केवळ झाकला गेला आहे. आणखी एक घोटाळा कार्यालयांत घडतो. साफसफाईच्या वेळी लोंबणारे तारेचे टोक कोणीतरी त्याच स्विचमध्ये खोचतो. दोन्ही टोके एकाच पेटीत गेली की संदेश गोल गोल फिरू लागतात आणि साध्या स्विचवर सारे जाळे ठप्प होते.

तिसरी पायरी : बिनतारी मार्ग

तारेने वेग मिळतो आणि वायफायवर मिळत नाही, असे आढळल्यास दोष हवेतील मार्गात आहे. राउटर लोखंडी कपाटात, जाड दगडी भिंतीआड किंवा कोपऱ्यात जमिनीलगत ठेवू नये. तो इमारतीच्या मध्याजवळ, उंचावर व मोकळ्या जागी असावा.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, पण त्यात गर्दी फार. शेजारच्या शाळेचा, बँकेचा आणि दुकानाचा राउटरही त्याच पट्ट्यावर असतो. या पट्ट्यातील लगतच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. त्यामुळे १, ६ आणि ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान, परंतु भिंतींपुढे लवकर हतबल होतो. म्हणून जवळच्या टेबलांना ५ आणि दूरच्या खोल्यांना २.४, अशी विभागणी सोयीची ठरते. आणि खिडकीवरील ज्या संगणकावर जनतेचे काम चालते, तो तर तारेनेच जोडावा. हवेतील मार्ग सर्वांच्या वाटणीचा असतो. बहुधा एका वेळी एकच उपकरण बोलू शकते.

चौथी पायरी : पाणी कोण ओढतो?

तारही ठीक, राउटरही ठीक, तरी दुपारी बारा वाजता सारे मंदावते, असाही अनुभव येतो. येथे अपलोडचा आकडा उपयोगी पडतो. समजा, कार्यालयाची अपलोड क्षमता १० मेगाबिट आहे आणि चार सुरक्षा कॅमेरे आपले चित्रण प्रत्येकी २ मेगाबिट वेगाने बाहेर पाठवीत आहेत. आठ मेगाबिट तेथेच गेले. त्यात कोणाच्या मोबाइलने दिवसभरातील छायाचित्रे आपोआप वर चढविण्यास आरंभ केला की वाट पुरती तुंबते. पान उघडण्याची विनंतीदेखील याच वाटेने वर जावयाची असते. ती रांगेत अडकली की खाली येणारा मार्ग मोकळा असूनही पान उघडत नाही. पिंगचा आकडा अशा वेळी एकदम वाढतो, आणि तोच या दुखण्याची खूण.

यावर उपाय अधिक मोठी जोडणी विकत घेणे हाच नव्हे. कॅमेऱ्यांचे चित्रण इमारतीतच साठवावे, मोठ्या फाइली व संगणकांची अद्ययावत करणी कार्यालयीन वेळेनंतर ठेवावी, आणि राउटरमध्ये अग्रक्रम ठरविण्याची सोय असेल तर खिडकीवरील संगणकास अग्रक्रम द्यावा. त्या सोयीत जोडणीचा वेग भरावयाचा असल्यास, मोजलेल्या वेगाहून किंचित कमी भरावा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. राउटरच्या यादीत अनोळखी उपकरणे दिसली तर संकेतशब्द तत्काळ बदलावा. भिंतीवर चिकटविलेला संकेतशब्द हा संकेतशब्दच नव्हे. अभ्यागतांना सोय द्यावयाची तर निराळे अतिथी जाळे उघडावे.

पाचवी पायरी : दोष पलीकडचा असेल तर

सर्व संकेतस्थळे नीट उघडतात आणि एकच उघडत नाही, असे झाल्यास तेच संकेतस्थळ मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीवर उघडून पाहावे. तेथेही ते अडत असेल तर दोष बहुधा पलीकडच्या यंत्रणेत आहे. अशा वेळी राउटर पुनःपुन्हा बंद-चालू करण्याने इतरांची चालू कामेही तुटतात. त्या यंत्रणेच्या मदतकक्षास वेळ व त्रुटिसंदेश कळविणे, एवढेच तेव्हा योग्य.

एक वही, एक जबाबदार व्यक्ती

या पायऱ्या चढताना दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच बदल करावा. तार, वाहिनी आणि संकेतशब्द एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कळत नाही. दुसरे पथ्य नोंदीचे. राउटरशेजारी एक साधी वही ठेवावी. तीत आठवड्यातून एकदा तिन्ही आकडे, दिनांक, वेळ, केलेला बदल आणि तक्रार क्रमांक लिहावा. कार्यालयातील एका व्यक्तीकडे हे काम सोपवावे आणि तिची बदली झाली तर ती वही कार्यभारासोबत पुढच्याच्या हाती द्यावी. ग्रामपंचायतीने मासिक सभेत या वहीचे एक पान पाहिले, तरी नवीन राउटर घ्यावा की तक्रार करावी, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

शेवटी मूळ मुद्द्याकडे यावयास हवे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा पात्र नागरिकाचा हक्क आहे. तो हक्क राउटरच्या दिव्यांवर अवलंबून ठेवता येणार नाही. दोष शोधण्यास एक तास लागो वा आठवडा, त्या अवधीत समोर आलेल्या माणसाचा अर्ज व कागदपत्रे तपासून घ्यावीत, त्रुटी असल्यास तेथेच सांगाव्यात, शक्य तेथे अर्ज हाती स्वीकारून पोच द्यावी आणि काम झाल्यावर दूरध्वनीने कळवावे. वाहिनी मंद असली तरी ही कामे थांबत नाहीत. खिडकीवरच्या माणसास दुसरी खेप पडली नाही, तर त्या दिवशीची सेवा झाली असे म्हणता येईल. मग चाचणीचा आकडा काहीही असो.