आधी द्रव, मग शोषण

विनाइलची रेकॉर्ड यंत्रावर धुताना आपलं सगळं लक्ष यंत्राकडे असतं. पण खरं काम द्रव करतो. यंत्राची शोषण-नळी खाचेतला मळ खरवडत नाही… ती फक्त द्रव ओढून घेते. द्रवात सुटलेला मळ त्याच्यासोबत जातो. द्रव खाचेत उतरलाच नाही, तर मळ जागीच राहतो. नुसतं पाणी विनाइलवर थेंबाथेंबांनी उभं राहतं. त्यात ओल पसरवणारा घटक अगदी थोडा मिसळला, की ते खाचेत शिरतं. म्हणून तबकडी फिरत असताना द्रव सोडा… मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं पसरवा… सगळीकडे सारखी ओल दिसू द्या. मगच शोषण सुरू करा.

कोणी म्हणेल, मग भरपूर ओतावं. तसं नको. जास्तीचा द्रव मधल्या कागदी लेबलवर जातो आणि ते खराब होतं. कोणी विचारेल, नळाचं पाणी का नको? त्यातले क्षार सुकल्यावर खाचेतच उरतात. तेव्हा डिस्टिल्ड वॉटर घ्या. शेवटी त्याच पाण्यानं तबकडी एकदा विसळून काढा, म्हणजे द्रवाचा अंशही राहणार नाही. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. बालगंधर्वांच्या काळातल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या विनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. विनाइलसाठी मिळणाऱ्या काही द्रवांत अल्कोहोल असतं. बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय तो द्रव त्या तबकडीवर एक थेंबही टाकू नका.