नोकरी गेली, हप्ता राहिला

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, इंदूर येथे मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते निवृत्त बँक अधिकारी आहेत.)



बाप्पासमोर उभं राहून कर्जाविषयी बोलायचं म्हणजे जरा चमत्कारिकच वाटतं. पण विषय मी निवडलेला नाही. मागच्या महिन्यात आपल्या मंडळातल्या एका काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "भाचा सांगतो, इंग्लंडात नोकरी गेली तर सरकार घराच्या कर्जाचं व्याज भरतं. मग आमच्या मुलानं इथे कुणाकडे जायचं?" मुलाची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. घरात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

काकूंची माहिती अर्धी बरोबर होती. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा सरकारी भत्ता घेणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांनंतर अशी मदत मिळू शकते आणि पैसे थेट कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जातात. मात्र मिळतं ते फक्त व्याज, तेही सरकारनं ठरवलेल्या दरानं, आणि काम करण्याच्या वयातल्या माणसाला साधारणपणे दोन लाख पौंडांपर्यंतच्या कर्जावरच. मुद्दल ज्याचं त्यानं फेडायचं. शिवाय एप्रिल 2018 पासून ही मदत मदत राहिलेली नाही, तेही एक कर्जच झालं आहे. घर विकलं की सरकार ते व्याजासकट परत घेतं. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मुलांना तर असा सरकारी पैसा सहसा घेताच येत नाही. ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी आधी व्हिसाचा कागद वाचावा.

आपल्याकडे घराचा हप्ता भरणारी अशी योजनाच नाही. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी रुपये निघायला डिसेंबर 2023 उजाडला. बत्तीस वर्षं! कित्येक जण पैसे न बघताच गेले. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या मात्र निघत राहिल्या.

मग आहे काय? ज्यांचा ईएसआयचा हप्ता कापला जातो, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. 2018 साली ती सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के मिळत, 2020 मध्ये ते 50 टक्के केले. जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आले आहेत, म्हणून शाखा कार्यालयात आधी विचारा. पण ईएसआयची पगारमर्यादा 21,000 रुपये. गृहकर्ज काढणारा बहुतेक त्या रेषेबाहेरच असतो. त्याच्याकडे उरतो भविष्य निर्वाह निधी. त्यातून नोकरी सुटल्यावर मोठा भाग काढता येतो. नियम बदलत राहतात, ते त्या दिवशीचे बघावेत. माझं मत विचाराल तर पीएफ शेवटी काढावा. म्हातारपणाला दुसरं कर्ज मिळत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे आपली मुलं फसतात. कंपनी काढत नाही, राजीनामा लिहून घेते. "सन्मानानं जा" म्हणतात. कर्जाबरोबर गळ्यात मारलेला नोकरी जाण्याचा विमा बहुतेक वेळा तीनेक हप्त्यांपुरता असतो आणि राजीनामा दिलेला असेल तर तोही मिळत नाही. सही करण्याआधी एक रात्र मागून घ्या.

आता बँकेकडे वळू. समजा 30 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के, 20 वर्षं. हप्ता साधारण 26,000. पहिल्या महिन्यात त्यातले 21,250 नुसतं व्याज. लोक म्हणतात, मुदत वाढवून घेऊ. तीस वर्षं केली तरी हप्ता 23,000 च्या वरच राहतो. सुटतात जेमतेम तीन हजार, आणि दहा वर्षं अंगावर पडतात. आठवतं ना, 2020 च्या मार्च ते ऑगस्ट रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची मुभा दिली होती? व्याज तेव्हाही चालूच होतं. व्याजावरचं व्याज सरकारनं पुढे परत केलं, मूळ व्याज ज्याचं त्यानंच भरलं. तेव्हा सवलत घ्या, पण सहा महिन्यांचा श्वास म्हणून घ्या. तोडगा म्हणून नको.

आणि ती मागायची वेळ असते. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते, आणि बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. हे कुणी करत नाही! नोटीस देव्हाऱ्याखाली सरकवून ठेवतात. मग ताबा, मग लिलाव. ताब्याविरुद्ध 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. आपल्यासाठी ते जबलपूरला आहे.

मी स्वतः अशी ताब्याची नोटीस एका दारावर चिकटवून घेतली आहे. ते गृहस्थ माझ्या ओळखीचे होते, दर रविवारी भाजीबाजारात भेटायचे. आठ महिने पिशवी हातात घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारल्या त्यांनी माझ्याशी, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात बोलले असते तर मी त्यांना सांगितलं असतं, घर स्वतः विका. स्वतः विकणाऱ्याला गिऱ्हाईकाशी भाव करता येतो, कर्ज फिटून हातात काही राहतं. लिलावात ते घर ज्या भावाला गेलं, तो आकडा मी इथे सांगत नाही. त्यांच्या सौभाग्यवतींनी तेव्हा मला एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, भाऊजी?" मला नोटिशीवर सही करेपर्यंत खरंच माहीत नव्हतं. त्यांचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे.

काकूंच्या मुलाचं सांगून थांबतो. तो माझ्याबरोबर बँकेत आला. एकच हप्ता चुकला होता. क्रेडिट कार्डावरून पुढचा हप्ता भरायचा त्याचा बेत होता, तो मी हाणून पाडला. बँकेनं सहा महिने हप्ता कमी केला. आईवडिलांनी वरची खोली भाड्यानं दिली. नोकरी अजून लागलेली नाही.

रोज आरतीनंतर मी ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. येताना कर्जाचं मंजुरीपत्र आणि गेल्या सहा महिन्यांचा खातेउतारा आणा. खोलीला दार आहे, ते लावून घेता येतं.